प्रभूचं जमलं का?

मुन्नाने आयुष्यात एकच वेबसाइट बनवली आणि तिला एकच काम दिलं. उघडली की पांढऱ्या पानावर बारीक अक्षरात प्रश्न यायचा, ‘प्रभूचं जमलं का?’ आणि त्याखाली पडदाभर मोठं उत्तर, ‘न्हाई.’ बास. दाबायला बटण नाही, वाचायला दुसरं अक्षर नाही.

मुन्नाचं जवळा बाजारात ऑनलाइन सेंटर आहे. रेशन, पीकविमा, आधार, सगळ्यांचे अंगठे तिथेच उठतात. सर्व्हर बसलेला असला की रिकाम्या हाताला काहीतरी चाळा लागतो, तसं त्याने हे पान केलं आणि गावच्या ग्रुपवर टाकून दिलं. आठवड्याच्या आत कळमनुरीपर्यंत पोचलं. लोक सकाळी चहा घेता घेता ते उघडायचे, ‘न्हाई’ बघायचे आणि खुशीत कामाला लागायचे. दुसऱ्याचं वाईट चाललंय हे रोज फुकटात कळत असेल तर कोणाला नको आहे?

प्रभू कोसभरावरच्या वस्तीवरचा. पस्तिशी उलटलेली, शेरडं-मेंढरं, थोडी शेती, घरात म्हातारी आई अनुसयाबाई. व्यसन नाही, भांडण नाही. पण शेरडांमागे फिरणाऱ्याला आजकाल कोण पोरगी देतो? दोन एकराचा धनीसुद्धा पोरीसाठी नोकरीवाला शोधतो. प्रभूला बघायला लोक यायचे, चहा प्यायचे आणि कळवतो म्हणून जायचे. ते कळवणं कधी आलं नाही.

आता बाजारात बोकड विकायला गेला तरी व्यापारी दात टोकरत विचारायचा, “सौदा जमला, पन तुझं जमलं का?” मागे उभे असलेले एका सुरात ओरडायचे, “न्हाई!” प्रभूही हसायचा. दुसरं काय करणार? चिडला असता तर पान आणखी दहा गावांत गेलं असतं. मुन्ना तर सांगत सुटला होता, “आरं, मी त्याला फेमस केलं. उलटं त्यानंच मला पार्टी द्याया पायजे.”

अनुसयाबाईला मात्र यात विनोद दिसला नाही. तिला वाचता येत नाही, पण ऑनलाइन म्हणजे काय हे तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं. मागे तिचा अंगठा मशीनवर उमटेना, तर तिचं रेशन बंद झालं. दुकानदारासमोर धडधडीत उभी राहून ती म्हणाली होती, “मी हाय ना हितं!” तो म्हणाला, “ऑनलाइन दिसून न्हाई राहिली ना.” महिनोन्‌महिने हेलपाटे घातल्यावर मुन्नानेच ते दुरुस्त करून दिलं, तेव्हा कुठे ती सरकारदरबारी जिवंत झाली. त्यामुळे पोराच्या लग्नाचं ऑनलाइन ‘न्हाई’ दाखवतंय असं तिच्या कानावर आलं, तेव्हा तिचा हिशेब सरळ होता. जोवर तिथे दुरुस्त होत नाही, तोवर इथे लग्न जमत नाही.

ती तुपाचा डबा घेऊन सेंटरवर आली. “लेकरा, प्रभूचं तेवढं व्हय करून दे.”

मुन्नाने आजूबाजूच्या टोळक्याकडे बघून डोळा मारला. “आधार आणलं का, मावशी?”

तिने आणलं होतं. त्याने तिचा अंगठा मशीनवर ठेवायला लावला, पुन्हा पुसून ठेवायला लावला, मग प्रभूचा जन्माचा दाखला मागितला. तोही ती पुढच्या बाजाराच्या दिवशी घेऊन आली. “सर्व्हर डाऊन हाय, मावशी. वरून मंजुरी येऊन न्हाई राहिली.” ती मान डोलवायची. तिला हे सगळं ओळखीचं होतं. बाहेर पडली की पोरं टेबलावर हात आपटून हसायची. डबा मुन्ना ठेवून घ्यायचा. त्याला लाज वाटत असेल असं कोणी समजू नये. तूप चांगलं होतं.

आणि गंमत बघा, याच पानाने प्रभूला स्थळ आणलं. रामकिशन म्हणून एक सोयरिकी जुळवणारा आहे. त्याने कनेरगाव नाक्याच्या उत्तमरावांना प्रभूचं सुचवलं. त्यांची पुतणी कोमल, बाप नसलेली. पहिल्या ठिकाणी सुपारी फुटली होती, पण त्या पोराचं भलतीकडेच जमलेलं निघालं. तेव्हापासून उत्तमराव दुधाने तोंड पोळल्यासारखे झाले होते. रामकिशनने त्यांना मुन्नाचं पान दाखवलं. ते दिवसाआड उघडून बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, “पोरगं मोकळं हाय. ऑनलाइनच हाय तसं, आता काय शंका घ्यायची?” कोमलने फोटो बघितला आणि शेरडं राखायला आपली ना नाही म्हणून सांगितलं. बघायचं आणि लगेच सुपारी फोडायची, असं ठरलं.

त्या दिवशी वस्तीवर मांडव नव्हता एवढंच. अंगण सारवलं, भावकी जमली, पुरण शिजलं. प्रभूने नवा सदरा घातला आणि घामाने भिजवून टाकला. सगळे राबत असताना अनुसयाबाई मात्र कोणाला न सांगता जीपने जवळा बाजारला गेली.

“लेकरा, आज पावणे येऊन राहिले. त्यायनं वाटंत उघडून बघितलं आन् न्हाई दिसलं, त् त्या दुकानदारावानी न्हाई म्हनून माघारी जातील. पाया पडते तुह्या, आज तरी व्हय कर.”

ती खरंच वाकली. मुन्ना गडबडला. तेव्हा टोळकं नव्हतं, हसायला कोणी नव्हतं. आणि आता जमतंच आहे तर करू या, असंही त्याला वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याने ‘न्हाई’ पुसून ‘व्हय’ केलं आणि फोन तिच्यापुढे धरला. तिने पडद्याला हात लावून तो कपाळाला लावला.

पाहुण्यांची गाडी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला थांबली होती. दर्शन घेऊन उत्तमरावांनी सवयीने पान उघडलं. ‘व्हय.’ त्यांनी ते मिटून पुन्हा उघडलं. मग गाडीत बसलेल्या कोमलकडे न बघता रामकिशनला फोन लावला.

“पोरग्याचं जमलेलं हाय आन् आमाला काहून बोलावून राहिले? एकदा नाक कापलं गेलं, तेवढं पुरं न्हाई का?”

“आहो, न्हाई जमलेलं! तुमच्यासंगंच जमवून राहिलो ना! पोरगं हितं समोर उभं हाय!”

“उभं असंल. ऑनलाइन व्हय दाखवून राहिलं.”

गाडी औंढ्याहूनच परत फिरली. प्रभू नव्या सदऱ्यातच मोटारसायकल काढून मुन्नाकडे धावला. तो ओरडला नाही, शिवी दिली नाही. “पहिलं व्हतं तसं कर,” एवढंच म्हणाला. मुन्नाने पुन्हा ‘न्हाई’ केलं. रामकिशनने पुन्हा फोन लावला. उत्तमरावांनी पान उघडून बघितलं आणि त्यांचा आवाज एकदम थंड झाला.

“सकाळी जमलं आन् दुपारी मोडलं? म्हंजे पोरग्यात मोठीच खोट हाय. बरं झालं, देवानं वाचवलं.”

यानंतर काय राहिलं? नुसतं न जमलेलं पोर आणि जमून मोडलेलं पोर यांत किती फरक असतो, हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. जी दोन-चार स्थळं उरली होती, तीही गेली. कोणाशी जमलं होतं, का मोडलं, यावर महिनाभर बाजार रंगला. खरं काय ते रामकिशन सांगत फिरला, पण त्याच्या शब्दाला किंमत कोण देतो?

मग एक दिवस प्रभू आईला मोटारसायकलवर घेऊन आला आणि स्वतः बाहेरच उभा राहिला. सेंटरमध्ये टोळकं होतं. म्हातारी आता तळतळाट देणार म्हणून मुन्ना उठून उभा राहिला. ती बाकावर टेकली.

“लेकरा, एक सांग. जिच्यासंग प्रभूचं ऑनलाइन जमलं व्हतं, ती पोरगी कोन व्हती? आमाला दावली बी न्हाई.”

टोळक्यातल्या एकाने तोंडात रुमाल कोंबला. अशी कोणी नव्हतीच, असं मुन्ना म्हणू शकला असता. “वाशीमकडची व्हती, मावशी,” तो म्हणाला.

“दिसायला?”

“बरी व्हती.”

“शेरडं राखाया तयार व्हती?”

“व्हय.”

अनुसयाबाईने पदर डोळ्यांना लावला. न बघितलेल्या त्या सुनेसाठी ती खरोखर रडली. मग नाक पुसून तिने विचारलं, “मंग काहून मोडलं तिनं?”

मुन्नाने एकदा पोरांकडे बघितलं. सगळी वाट बघत होती.

“प्रभूला बघितलं ना तिनं,” तो म्हणाला.

हसण्याचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. प्रभू दारात आला, त्याने आईचा दंड धरून तिला उठवलं.

“चाल माय,” तो म्हणाला, “मेंढरं सोडायची हायेत.”