आजीची पिकदाणी

बुद्धप्रियाने आजीची पितळी पिकदाणी टेबलावर ठेवली, तसा हॉटेलचा मॅनेजर प्रदीप हातातल्या प्लेटांसकट धावत आला.

"मॅडम, हे काय? लोक जेवायला आलेत की!"

"बाटली उघडली की वाइन बनवणाऱ्यानं आधी चाखायची, थुंकायची, मग पाहुण्यांना ओतायची. रीत आहे आमच्यात."

"ती तुमच्या कारखान्यात. बनवणारीच थुंकली तर लोक म्हणतील, हिलाच गोड लागंना, आम्हाला काय पाजती? आजच्या दिवस गिळा. लई उपकार होतील."

त्याचंही चुकत नव्हतं. सोलापुरात वाइनसोबतचं असं जेवण तो पहिल्यांदाच ठेवत होता. आज फसलं असतं, तर करमाळ्याकडच्या तिच्या छोट्या वायनरीचं नाव या शहरात पुन्हा कोणी काढलं नसतं.

पण दाराशी तिचे वडील, आप्पा उभे होते. आईने कुटून दिलेल्या शेंगाचटणीचा डबा शुक्रवार पेठेतून पोचवायला आले होते, तेवढंच. धर्मपाल आप्पा रोज सकाळी पंचशील म्हणत, आणि दारूला न शिवण्याच्या पाचव्या शीलाबाबत कोणाची भीडभाड ठेवत नसत. लेक वाइन करायला लागल्यापासून त्यांचं बोलणं 'जेवलीस का'वर येऊन थांबलं होतं. मी चाखते, गिळत नाही, हे तिने नाना परीने सांगून पाहिलं होतं.

"मांजर बी दुधाची नुस्ती राखणच करतं म्हणे," एवढंच ते म्हणायचे.

आणि खरं तर तिच्या घशाखाली आजवर एक थेंब गेला नव्हता. बापाने विश्वास ठेवू नये, हे तिला फार लागायचं.

पाहुणे बसले. ताटांत कडक भाकरी, चटणी, वर घट्ट दही. तिने पहिली बाटली उघडली, पेल्यात थोडी ओतली, हुंगली आणि घोट तोंडात घेतला. प्रदीप लांबून हात जोडत होता. आप्पांनी रिकामा डबा काखेत मारला आणि पाठ फिरवली.

गिळणं अगदी सोपं होतं. ती वाकली आणि पिकदाणीत थुंकली.

पितळ वाजलं. आप्पा थबकले. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"बाटली चांगली आहे," ती म्हणाली. "मी चाखते, पीत नाही. आमच्या घरात पाचवं शील पाळतात. तुम्ही प्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा. भाकरी मात्र सगळ्यांनी खा."

मग मुलासुनेबरोबर आलेल्या सारजाबाईंनी आपला पेला पुढे सरकवला.

"थुंकंना का! मीठ बघणारी काय पातेलंभर पिऊन बघती व्हय? ओत, बाई."

हशा पिकला. एकेक पेला पुढे आला. प्रदीपने हात सोडले आणि भाकरी वाढायला घेतली.

दुसरी बाटली उघडताना तिने दाराकडे बघायचं टाळलं. आप्पा गेलेले दिसले तर उगाच मन मोडायला नको. घोट तोंडात घेऊन ती वाकणार, तोच पिकदाणी टेबलावरून उचलली गेली आणि तिच्या हनुवटीपाशी आली. दोन्ही हातांनी ती आप्पांनी धरली होती.

ती थुंकली. डोळे भरून आले होते.

"लोकांना पाजणं मला अजून पटलेलं न्हाय," ते हळूच म्हणाले.

तिने मान डोलावली.

"पण वाकू नको तू. ताठ उभी राहा. मी धरतो."