कोंबड्यांत पाहुणा

बायको वारल्यावर वर्षभराने धाकटा भाऊ माझ्याकडे राहायला आला. बस चालवायचा, घरी येऊन जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मग एका रविवारी तो बेवारस जनावरांच्या निवाऱ्यातून कुत्राच घेऊन आला. माझ्या परसात चौदा कोंबड्या! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच. मी तिथल्या तिथे बजावलं, एक जरी कोंबडी गेली तर त्याच दिवशी कुत्रा परत. भावाने मान डोलावली.

आधी दोन घरांनी कुत्र्याला परत केलं होतं आणि तिसऱ्यांदा आला तर निवाऱ्यातले लोक त्याला ठेवणार नव्हते, हे त्याने नंतर सांगितलं. ठेवणार नाहीत म्हणजे काय, असं मी विचारलं तर कुत्र्याच्या मानेवरून हात फिरवत ‘इंजेक्शन’ एवढंच म्हणाला. मला कळायचं ते कळलं. तरी अट मागे घेतली नाही. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असा माझा स्वभाव. कुत्र्याला मी ‘पाहुणा’ म्हणू लागले, राहणार नाही म्हणून.

कामावरून आला की भाऊ त्याला पट्टा लावून जाळीपासून दहा पावलांवर बसायचा. पाहुण्याचे कान ताठ, अंग थरथरतंय, नजर कोंबड्यांवर. भाऊ ओरडायचा नाही, पट्ट्याला हिसका द्यायचा नाही. कुत्र्याने नजर वळवून त्याच्याकडे बघितलं की एक बिस्किट. दर आठवड्याला एक पाऊल पुढे. आणि बसल्या बसल्या तो कुत्र्याशी बोलायचा. बायकोच्या शेवटच्या दिवसांचं, माझ्यापाशी कधी न काढलेलं सगळं. मी शिलाई मशीन थांबवून ऐकायचे. खोटं कशाला बोलू, मला त्या कुत्र्याचा हेवा वाटायचा.

बिस्किटांना पत्र्याचा डबा मीच दिला होता, कोंबड्यांच्या दाण्याच्या डब्याचा जोडीदार. बिस्किट देण्याआधी भाऊ तो वाजवायचा. हाकेला न येणारा पाहुणा त्या आवाजाला मात्र धावत यायचा. दोन-अडीच महिन्यांत कोंबड्या त्याच्या नाकासमोरून जायला लागल्या आणि तो जांभया देत पडून राहायला लागला.

त्या सकाळी भाऊ आत दाढी करत होता, पाहुणा पुढच्या दारात मोकळा. मी दाणे नेहमी मुठीने टाकते. पण आदल्या दिवशी मशीनची सुई बोटात घुसली होती, हाताला पट्टी होती. म्हणून कोंबड्यांना बोलवायला मी दाण्याचा डबा वाजवला.

घराला वळसा घालून पाहुणा बाणासारखा आला आणि जाळीच्या उघड्या दारातून थेट कोंबड्यांत घुसला. सगळ्या किंचाळत कोपऱ्यात एकमेकींवर चढल्या. मी त्यांना बाजूला करेपर्यंत सगळ्यात खालची गुदमरून मेली होती. अंगावर दात लागल्याची खूणही नाही. पाहुणा माझ्या पायाशी बसून डब्याकडे बघत होता.

भाऊ बाहेर आला. त्याने कोंबडी बघितली, मग मला. आजवर कुणापुढे चूक कबूल केली असेन तर शपथ.

“शब्द म्हणजे शब्द, ताई,” तो म्हणाला आणि पट्टा घेऊन आला.

पाहुणा शेपटी हलवत निघाला, फिरायला जायचं समजून. गप्प राहिले तर माझाच शब्द खरा ठरणार होता. ते फाटकापाशी पोहोचले आणि मला ते सोसेना.

“थांब,” मी म्हटलं. “त्याने नाही मारली. डबा मी वाजवला. तो बिचारा बोलावलं म्हणून आला. चूक माझी आहे.”

भाऊ वळला नाही. “माहीत आहे. खिडकीतून बघितलं मी.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू सांगतेस का, ते बघत होतो.”

मी पायरीवर बसले. “आणि नसतं सांगितलं तर?”

तेव्हा त्याने मागे वळून बघितलं. डोळे भरून आले होते.

“तर आम्ही दोघंही या घरात परत आलो नसतो, ताई.”