लाल खुणेची आई

सोमवारची सकाळ प्रयोगशाळेच्या चहाच्या खोलीत बहुधा तक्रारींनीच उजाडते. डोंगरावर रात्री बर्फ पडलेले, गाड्यांच्या काचा गोठलेल्या, आणि जो तो कपाभोवती हात लपेटून आपल्या नशिबाला बोल लावत असलेला. अशात बेव्हन दारातूनच ओरडला,

"रोवेना, तुझ्या महाराणीनं पुन्हा नाश्ता उरकला बघ!"

बेव्हन उंदरांची निगा राखत असे, आणि त्याच्या विनोदांना सारे सरावले होते. महाराणी म्हणजे मांडणीच्या टोकाच्या पिंजऱ्यातली पांढरी उंदरीण. शनिवारी सकाळी ती व्याली होती. डॉ. रोवेना पास्को हिने सुट्टी असूनही स्वतः येऊन पिल्ले मोजली होती. आज पिंजऱ्यात एकही पिल्लू उरले नव्हते.

"वाईट आई," रोवेना कप न ठेवताच म्हणाली. "लाल खूण लाव."

लाल खूण लागलेला प्राणी गुरुवारी मारला जाई.

वाचकहो, रोवेना क्रूर नव्हती. जन्मतः दुबळ्या हृदयाच्या बालकांसाठी ती एक औषध शोधत होती, आणि त्या शोधात तिने आपली कित्येक वर्षे ओतली होती. अडथळा तिला एवढाच वाटे की, घरटे बांधायला कागदाच्या पट्ट्या दिल्या की उंदरीण त्यांचा घुमट रचते आणि पिल्ले त्यात दडून जातात. मग ती मोजायची कशी? म्हणून 'प्रयोगासाठी आवश्यक' असे सांगून तिने प्राणी-नीती समितीकडून पट्ट्या न देण्याची सूट मिळवली होती. तिच्या पिंजऱ्यांत तळाशी लाकडाचा विरळ भुसा असे. बाकी सारे स्वच्छ, उघडे, पारदर्शक. त्या पारदर्शकतेचा तिला अभिमान होता.

खिशातला फोन थरथरला. धाकटी बहीण टॅमसिन, छोट्या ओटिसची आई.

"रो, ओटिस रात्रभर खोकत होता. भिंतीला हात लावला तर हात ओला होतो गं. घरमालक म्हणतो, खिडक्या उघडा."

"मग उघड ना! भिंती पुसत जा. बुरशी काय आपोआप जाते? आई झालीस, टॅमी, आता तरी घर चालवायला शीक."

पलीकडून ओटिसचा खोकला ऐकू आला. मग फोन बंद झाला.

"हिला जमतच नाही," रोवेना स्वतःशी पुटपुटली. आदल्या रविवारी मावशीकडच्या जेवणातही, भरल्या टेबलावर, टॅमसिनसमोरच ती हे म्हणाली होती.

दुपारी समितीची पशुवैद्य ऊना हॅलोरन आली. पट्ट्यांबाबतच्या त्या सवलतीची मुदत संपत होती आणि ती वाढवायची की नाही हे ऊनाच्या अहवालावर ठरणार होते. शुक्रवारी तिने महाराणीच्या पिंजऱ्यासमोर एक लहानसा कॅमेरा बसवला होता. उंदरांना जवळजवळ दिसत नाही अशा लाल उजेडात टिपणारा. परवानगी देऊन रोवेना ते विसरूनही गेली होती.

"त्या लाल खुणेचं कारण काय?" ऊनाने विचारले.

"पिल्लं खाते. दुसरी खेप आहे तिची."

"खाते, हे खरं. पण मारते, हे तू कुठे पाहिलंस?"

"ऊना, सकाळी पिंजरा रिकामा असतो. आणखी काय पाहायचं?"

"रात्र," ऊना म्हणाली. "बस इथे. आणि मधे बोलू नकोस, पोरी."

पडद्यावर तांबूस अंधार पसरला. उंदरीण पुढच्या पायांनी भुसा ओढून आणत होती. एक कडे उभे राही, ढासळे. ती पुन्हा रची. हवा खेळती ठेवणाऱ्या पंख्याचा झोत त्या कोपऱ्यातून वाहत होता. एकेक पिल्लू जन्माला आले: गुलाबी, केसहीन, आंधळे. तिने प्रत्येकाला चाटून पोटाशी घेतले. पोटातले दूध त्यांच्या पातळ कातडीतून पांढऱ्या ठिपक्यासारखे उजळले. ठिपके उजळत गेले तशी रोवेनाची मान नकळत पुढे झुकली.

मग पडदा एकाएकी लख्ख झाला. झाकण उघडले. निळ्या हातमोज्यातला एक हात आत आला. त्याने उंदरिणीला शेपटीने उचलून बाजूला टाकले, पिल्लांचा पुंजका बोटांनी पसरला, एकेक पिल्लू वेगळे करून पाहिले, आणि भुशाचे ते कसेबसे जमवलेले कडे सपाट करून हात निघून गेला.

"हा हात... माझाच आहे," रोवेना म्हणाली.

"पुढे बघ."

पुढे उंदरीण धावत होती. विखुरलेली पिल्ले तोंडात धरून कोपऱ्यात आणत होती. कडे उरले नव्हते. एक आणावे तो दुसरे घरंगळे. पाणी प्यायला ती उठली की झोत उघड्या पिल्लांवरून वाही. एक पिल्लू हलेनासे झाले. तिने त्याला चाटले, नाकाने ढोसले, पोटाखाली ओढले. ते पुन्हा घरंगळले. तिने पुन्हा ओढले. किती वेळ तरी. ते पाहणे रोवेनाला असह्य झाले. ती ओढण्याची धडपड थांबल्यावर, पार थांबल्यावर, उंदरिणीने ते निष्प्राण शरीर खायला सुरुवात केली.

"थंडीनं गेली ती," ऊना हळू म्हणाली. "या खोलीत आपल्याला बरं वाटतं, कारण आपण कोट घालून उभ्या असतो. हिच्याकडे कोट विणायला सूतसुद्धा नव्हतं. मेलेलं पिल्लू पिंजऱ्यात कुजू द्यायचं नाही, एवढंच तिच्या हातात उरलं होतं. तू सकाळी आलीस, रिकामा पिंजरा पाहिलास आणि निकाल दिलास. याआधी अशा लाल खुणा किती लावल्यास?"

रोवेनाला आकडा आठवेना. पिल्ले मोजणाऱ्या या बाईने आया कधीच मोजल्या नव्हत्या!

"मी त्यांना वाईट आई म्हणत होते," ती म्हणाली. "हसत म्हणत होते, ऊना."

ऊनाने तिचे सांत्वन केले नाही. "सूट मी वाढवणार नाही. आणि प्रयोग म्हणूनही विचार कर: थंडीनं आधीच खंगलेल्या पिल्लांवर तू हृदयाचं औषध तपासत होतीस. चांगली आई हवी असेल, तर आधी तिला आई होण्याची सामग्री दे."

रोवेना उठली. लाल खूण तिने नखाने सोलून काढली. डिंक बोटाला चिकटून राहिला, धुतला तरी जाईना. तिने मूठभर कागदी पट्ट्या पिंजऱ्यात ठेवल्या आणि हात मागे घेतला.

उंदरीण आधी कोपऱ्यात थिजून बसली. मग पुढे आली. पट्टी उचलली, दातांनी चिरली, गोल घातली. भर दुपारी, झोपेच्या वेळी, ती बांधतच राहिली. घुमट पुरा झाल्यावर ती आत शिरली. आत ठेवायला तिच्याजवळ कुणीच नव्हते.

रोवेनाने तोंड फिरवले.

संध्याकाळी ती ग्लेनॉर्कीला टॅमसिनच्या भाड्याच्या घरी गेली. दार उघडून टॅमसिन वाटेतच उभी राहिली. "काय, तपासणीला आलीस? भिंती पुसल्यात, बाईसाहेब. बघून घ्या."

भिंती खरोखरच पुसलेल्या होत्या, आणि तरी ओल झिरपत होती. घरातल्या सगळ्या गाद्या एका खोलीत आणलेल्या. खिडकीवर घोंगडी ठोकलेली. उशा, टॉवेल, जुने कोट यांचे एक वर्तुळ, आणि मध्यभागी, प्रत्येक भिंतीपासून दूर, ओटिस झोपलेला. भिंतीच्या बाजूच्या गादीत टॅमसिनच्या आकाराची एक खळगी होती.

"इथे तू झोपतेस?"

"मग? ओल कुणाला तरी लागणारच."

ती दिवा लावायला वळली. तिच्या स्वेटरची पाठ ओली होती.

रोवेनाला आपला हात दिसला. निळा, आत्मविश्वासाने भरलेला, दुसऱ्याच्या घरट्यात शिरलेला हात. रविवारच्या टेबलावरही तोच होता!

"टॅमी, मी फार वाईट बोलले. तुझ्यासमोर, सगळ्यांसमोर. माझ्याकडे एक उबदार खोली नुसत्या पुस्तकांनी अडवलेली आहे. चला दोघं."

टॅमसिनने भिंतीकडची आपली गादी ओढली. "माफी नंतर माग," ती म्हणाली. "आधी गादीचं ते टोक धर. आणि रविवारी मावशीकडे हे सगळ्यांसमोर सांगायचंस. जितक्या मोठ्यानं तेव्हा बोललीस, तितक्याच मोठ्यानं."

"सांगेन," रोवेना म्हणाली, आणि टोक धरले.

तिने सांगितलेही. शरम त्याने सरली नाही. सरू नये असेच तिला वाटत होते.

वाचकहो, आपल्या सर्वांच्या खिशात एक लाल खूण असते. ओल्या घरातल्या आईवर, गळक्या वर्गातल्या मास्तरावर, अपुऱ्या खाटांच्या इस्पितळातल्या परिचारिकेवर आपण ती किती सहज डकवतो! ज्याला आपण घर दिले नाही, त्याच्या घर चालवण्याचा निकाल देण्याचा अधिकार आपल्याला नाही. बोट उगारण्याआधी त्याच्या भिंतीला हात लावून पाहावा. आणि तिथली ओल आपल्याच हातून आली नाही ना, हेही तपासावे.

वसंताच्या सुरुवातीला महाराणी पुन्हा व्याली. कागदी घुमटातून बारीक हालचाल जाणवत होती. बेव्हनने सवयीने निळे हातमोजे पुढे केले. "किती झाली, बघतेस ना?"

"नाही," रोवेना म्हणाली. तिने झाकणावरचा हात काढून घेतला. "तिला माहीत आहे."