फांदीचा देठ

आधीच सांगून ठेवतो, रतिलाल माझा दोस्त आहे. घराला घर लागून, बांधाला बांध लागून, एकाच दिवशी दोघांना शाळेत घातलेलं. तरीही एकोणसाठ सालच्या पावसाळ्यात त्याचं नुसतं नाव निघालं की माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू.

लोणखेड्यात तोवर जंगलाची गोष्ट म्हणजे हिंमतरावची, माझी, गोष्ट. आम्ही गुजर लोक कपाशी आणि केळीतून मान वर काढत नाही, डोंगर आम्हाला लांबूनच बरा. मी एकटा दर शिवरात्रीला तोरणमाळच्या जत्रेला जायचो, आणि मग वर्षभर आमच्या ओट्यावर बसून ती जत्रा लोकांना पुरवून पुरवून सांगायचो. घाटात वाघाने बैल कसा नेला ते सांगताना मी थांबलो की माणसं बिडी ओढायची थांबायची. माझी बायको जसोदा दारामागे उभी राहून ऐकायची. तिचं पाऊल दिसायचं.

मग रतिलाल बडोद्याचं कॉलेज संपवून गावी आला. येताना मित्रांबरोबर पार खाली मलबारात जाऊन आला होता. तिथल्या जंगलात म्हणे आठ महिने पाऊस आणि बारा महिने अंधार. पायमोजा खाली करून तो जळवांचे डाग दाखवायचा. वेताचा पूल तुटून तिघं कसे पाण्यात पडले, बांबूच्या नळीत भात कसा शिजवला, हत्तीच्या वाटेवर चुकून तंबू ठोकला तेव्हा काय झालं, सगळं हसत हसत, स्वतःचीच फजिती सांगायचा. आणि त्याची ती पाठीवरची खाकी हॅवरसॅक, लष्कराच्या जुन्या मालातली. खुंटीला टांगलेली असायची आणि म्हातारेसुद्धा येता-जाता तिचे पट्टे ओढून बघायचे.

आठ दिवसांत माझा ओटा रिकामा झाला. एकदा जेवताना मी जसोदाला म्हटलं, आज कुणी आलं नाही, तुला तरी वाघाची गोष्ट सांगतो. ती भाकरी वाढत म्हणाली, "तुमनी वाघनी गोट आते पाठ व्हई गई. रतिलालभाऊनी हत्तीनी सांगी, ती ऐका एकदाव." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या ताटावर.

दुसऱ्या दिवशी त्याच्या ओट्यावर जाऊन सगळ्यांसमोर म्हटलं, "मलबारनं काय सांगस रे? आपला सातपुडा तरी देखा का?"

"नही देखा," तो म्हणाला. "तू माले लई चाल."

त्याच्या मनात काही नसतं. हाही एक त्रासच. भांडायला गेलो तर तो सोबत यायला तयार.

भादव्यात तोरणमाळला निघालो. शहाद्याहून राणीपूरपर्यंत बैलगाडी, पुढे पायी. वाट दाखवायला गोवाल होता. तो वरच्या पाड्यावरचा पावरा आदिवासी, दहा वर्षं आमच्या शेतात कापूस वेचायला येणारा. मला तो पाटील म्हणायचा. रतिलालला पहिल्याच दिवशी रतिभाऊ म्हणायला लागला. दहा वर्षांत मला हिंमतभाऊ काही म्हटलं नाही त्याने, हे मी तेव्हाच मनात नोंदवून ठेवलं.

मला दाखवायचं होतं की जंगल कुणाचं. म्हणून पहिला नाला लागला तेव्हा गोवाल काठीने पाणी चाचपत होता, तेवढ्यात मी दगडावरून उडी मारली. दगडावर शेवाळ होतं. गाठोड्यासकट आडवा झालो. दादर ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, बिड्या, काड्यापेटी, सगळं पाण्यात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. रतिलालने मला वर ओढलं, हॅवरसॅक उघडली आणि आतून मेणकापडात गुंडाळलेला कोरडा पंचा काढला. "घे भो, डोकं पूस." डबीतून कोरड्या काड्या निघाल्या. त्याने शेकोटी केली, स्वतःची भाकरी मोडून अर्धी मला दिली. हसला असता तर बरं झालं असतं. हसला नाही.

मी धोतर पिळत होतो तेव्हा गोवाल समजावून सांगत होता. पुढच्या नाल्यांचं पाणी बघायला तो पुढे जाणार, आम्ही मागून सावकाश यायचं. वाट फुटेल तिथे जायची नाही त्या वाटेवर तो हिरवी फांदी आडवी टाकून ठेवील. "फांदी आडवी, ती वाट बंद," तो म्हणाला. "आनि देठ..."

"माले माहीत शे," मी म्हटलं. "तोरणमाळ काय आज देखी ऱ्हायनू का मी?"

रतिलाल मात्र गोवालजवळ सरकून बसला आणि दोघं जमिनीवर काडीने रेघा मारत काहीतरी बोलत राहिले. मी ऐकलं नाही. त्या वेळी मला ती दोन डोकी जवळ आलेली बघवत नव्हती, दुसरं काही सुचत नव्हतं.

दुपारी गोवाल पुढे, मधे मी, मागे रतिलाल. तो दर दहा पावलांवर पान तोडून वहीत ठेवायला थांबायचा. मी वळणावर वळणं मागे टाकत एकटा एका मोहाच्या झाडाशी आलो. तिथे वाट फुटली होती. दोन्ही वाटा सारख्याच, दोन्हीकडे बांबू. डाव्या वाटेवर सागाची हिरवी फांदी आडवी पडलेली. म्हणजे उजवीने जायचं.

मी तिथे उभा राहिलो आणि मला आमचा ओटा दिसला. आता या सातपुड्याचीही गोष्ट तोच सांगणार. हिंमत नाल्यात कसा पडला, ते हसवून हसवून सांगणार, आणि जसोदा दारामागे तोंडाला पदर लावणार. त्यापेक्षा तो वाट चुकला तर? तासभर भटकेल, मी जाऊन त्याला शोधून आणीन. मलबार हिंडून आलेला सातपुड्यात चुकला आणि हिंमतरावने परत आणला. बस, एवढंच. त्याचं वाईट व्हावं असं मनात नव्हतं. एवढं मला आजही म्हणता येतं, पण त्याने काय होतं?

देठाला धरून मी ती फांदी ओढली आणि उजव्या वाटेवर आडवी टाकली. मग तिच्यावरून पाय टाकून उजवीनेच पुढे गेलो.

पुढे मैलभरावर एका कपारीखाली गोवाल थांबला होता. पाऊस वाढला. "रतिभाऊ?" त्याने विचारलं.

"येई ऱ्हायना मागे."

अर्धा तास गेला. कपारीवरून पाण्याची चादर पडायला लागली. मी म्हटलं, पानं वेचत बसला असेल. आणखी अर्धा तास. गोवाल उठला. म्हणाला, डावी वाट नाल्याच्या घळीत उतरते, वर पाऊस झाला की त्या घळीत पाणी उभं येतं, माणसाला वर चढायला जागा नाही. हे तो मला सांगत होता की स्वतःशी बोलत होता, कळलं नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तो पळायला लागला म्हणून मीही पळालो.

मोहाच्या झाडाशी गोवाल क्षणभर थांबला. फांदीकडे बघितलं. मला वाटलं आता विचारणार. चोराच्या मनात चांदणं, मी उत्तर जुळवत होतो. तो सरळ डाव्या घळीत उतरला.

उजेड कमी व्हायच्या आत रतिलाल सापडला. पुराच्या कडेला दोन दगडांच्या मधे अडकलेला, डावा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळलेला. हॅवरसॅक वाहून गेली होती. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता. मी वाकलो तेव्हा त्याने माझं मनगट धरलं आणि त्याचं तोंड उजळलं.

"सापडना रे भो तू," तो म्हणाला.

मला समजेना. शोधायला आम्ही आलो होतो.

दात वाजत होते तरी तो सांगत राहिला. "फांदीना देठ उलटा व्हता. गोवाल अशी ठेवस नही. मंग माले समजनं, हाई हिंमतनी टाकी. तू आठे उतरना, अन मी मागे ऱ्हाई जाऊ नही म्हनीसन मन्हाकरता वाट दाखाडी गया. तुले हाका मारत मारत खाले उनू."

सकाळी मी जे ऐकलं नाही ते हे होतं. गोवाल पानांचा शेंडा बंद वाटेवर ठेवतो आणि देठ करतो ज्या वाटेने तो स्वतः गेला तिकडे. मी देठाला धरून ओढलं, त्यामुळे फांदी उजव्या वाटेवर पडली तरी देठ डावीकडे न वळता उजवीकडेच राहिला. रतिलालने ते बघितलं आणि ओळखलं की ही फांदी माहीतगाराने टाकलेली नाही. त्याच्या आणि गोवालच्या मधे मी एकटाच होतो. उजवी वाट खरी आहे हे त्याला बहुतेक कळलं होतं. पण हिंमत डावीकडे चुकला आहे, एकटा आहे, पाऊस वाढतोय, म्हणून तो डावीकडे उतरला. माझ्यासाठी.

बांबूला माझं घोंगडं बांधून झोळी केली. कळ सोसेना म्हणून त्याची शुद्ध गेली होती. एक टोक गोवालच्या खांद्यावर, एक माझ्या. मोहाच्या झाडाशी गोवालने झोळी खाली टेकवली, फांदी उचलली, शेंडा डाव्या वाटेवर टाकला, देठ उजवीकडे केला.

"पाटील," तो म्हणाला, "सकाळे तू ऐकं नही."

एवढंच. पुन्हा खांदा दिला. तो कापूस वेचायला पुढेही येत राहिला, पण त्याने तो विषय आजवर काढलेला नाही.

पाय जुळला, पण वाकडा जुळला. रतिलाल आता काठी घेऊन बांधापर्यंत जातो, पुढे नाही. त्याला घरी आणला त्या आठवड्यात त्याची आई नर्मदाबाई ताट घेऊन आमच्या दारात आली. मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं. म्हणाली, तू घळीत उतरलास म्हणून मन्हा पोऱ्या वाचना. माझ्या तोंडात तिने साखर घातली. जसोदा बाजूला उभी होती आणि इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे तसं बघितलं नव्हतं. मी साखर गिळली.

ओटा पुन्हा भरायला लागला. लोक म्हणतात, हिंमतराव, तोरणमाळची गोष्ट सांगा. मी म्हणतो, रतिलालला विचारा. मग तो काठी भिंतीला टेकवून सांगतो. आधी स्वतःची फजिती, मग माझी थोरवी. त्याच्या गोष्टीत हिंमतराव स्वतः वाट चुकतो, तरी दोस्तासाठी फांदी टाकून जातो, आणि शेवटी पुरात उतरून त्याला खांद्यावर आणतो. ऐकताना माणसं बिडी ओढायची थांबतात. दारामागे जसोदाचं पाऊल दिसतं.

ती गोष्ट खोटी आहे हे दोघांनाच माहीत आहे, मला आणि गोवालला. रतिलालचा मला आता हेवा वाटत नाही. त्याच्या गोष्टीतल्या त्या हिंमतरावचा वाटतो.