खोडव्याचा प्रोसेसर

सांगलीला जायचं म्हणून क्रांती सकाळपासून नुसती तरंगत होती. लग्नाआधी केलेला बांधकामाचा डिप्लोमा सहा वर्षं ट्रंकेत पडून होता. आता मिरजेच्या एका इंजिनिअरनं घरबसल्या नकाशे काढायचं काम कबूल केलं होतं, सोमवारपासून. अट एकच, कॉम्प्युटर स्वतःचा हवा. नवरा लष्करात, म्हणून सोबत सासू. मनुबाईंनी पिशवीत नारळ घेतला होता आणि कुंडलच्या स्टँडवर भेटेल त्याला सांगितलं होतं, "सुनंला नवाकोरा कॉम्प्युटर घ्यायला निघालोय!"

नवाकोरा म्हणजे नवाकोराच. एकदा एकानं विहिरीवरची जुनी मोटार रंगवून त्यांच्या गळ्यात मारली, तर बाईंनी ती ट्रॉलीत घालून त्याच्याच दुकानाच्या दारात नेऊन टाकली. तेव्हापासून दुकानदार त्यांना पाहिलं की आधी चहा सांगतात.

श्रेणिकच्या दुकानात क्रांतीनं परवडणारा प्रोसेसर निवडला आणि सहज विचारलं, "यंदाचाच ना?"

"वस्तू नवी, नंबर यंदाचा," श्रेणिक खरं बोलणारा माणूस. "पण आतलं डिझाइन तीन वर्षांपूर्वीचं, वहिनी. स्वस्तातल्या प्रोसेसरांत बऱ्याचदा जुनंच डिझाइन नव्या नावानं काढतात. नवं पाहिजे तर हा बघा."

त्याची किंमत ऐकून क्रांतीनं तो डबा अलगद परत ठेवला. मागं खुर्चीत बसून सासूबाई शेजारच्या साळूबाईंना फोनवर "नवाकोरा, नवाकोरा" सांगत होत्या. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? पण ती रंगवलेली मोटार तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"आवं आत्या," ती एका दमात म्हणाली, "ह्येचं नाव तेवढं नवं हाय. आतलं डिझाइन जुनंच हाय."

मनुबाईंनी फोन कानापासून काढला. श्रेणिकनं घाईघाईनं चहा सांगितला.

"म्हंजे बुडखा जुना, फुटवा नवा?"

"व्हय."

"मग खोडवा म्हण की, बाई!" मनुबाई खो खो हसत सुटल्या. नव्यानं लावलेला ऊस म्हणजे लागण, तो तोडल्यावर त्याच बुडख्यांतून पुन्हा येणारं पीक म्हणजे खोडवा, आणि त्यांचा खोडवा अख्ख्या शिवारात उजवा. "बेणं न्हाई, नांगरट न्हाई, म्हणून स्वस्त. कारखाना इचारतोय व्हय, लागणीचा का खोडव्याचा? त्यो काटा बघतोय! घाला ह्येला काट्यावर."

श्रेणिकनं तसाच प्रोसेसर बसवलेल्या कॉम्प्युटरवर क्रांतीनं आणलेला नकाशा उघडला. दोन मजली बंगला गरागरा फिरला, छप्पर उघडलं, जिना दिसला, कुठं म्हणून अडकला नाही. क्रांतीनं तो उगाचच चार वेळा फिरवला. मनुबाईंनी टाळ्या वाजवल्या, मग डोळे बारीक केले.

"निडवा न्हाई न्हवं? तिसऱ्यांदा काढलेला?"

"निडवा तो, मावशी," श्रेणिकनं सगळ्यात स्वस्त डबा दाखवला.

"त्यो ऱ्हाऊ दे तितंच."

फोन अजून चालूच होता. पलीकडं साळूबाई "काय झालं, काय झालं" ओरडत होत्या.

"अगं, नवाकोरा न्हाई, खोडवा हाय!" मनुबाईंनी सगळ्या बाजाराला ऐकवलं. "पर सून माजी पयल्या लागणीची हाय. गप बसली असती तर मला काय कळणार हुतं? तिनं सांगितलं, सवताच्या तोंडानं!"

क्रांतीला हसू आणि रडू एकदमच आलं. परतीच्या एसटीत मनुबाईंनी आपली खिडकीची जागा मॉनिटरला दिली आणि कुंडल येईपर्यंत त्याला धरून उभ्या राहिल्या.