हळदीच्या बोटाचा गोलकीपर

मित्रांनो, मी एक जुना पत्ता आहे. खेळायचा नव्हे, खेळाडूचा. माझ्यावर हॉकीच्या एका गोलकीपरचं रंगीत चित्र आहे. इंग्रजांच्या काळात सिगारेटच्या पाकिटातून असे पत्ते निघत. तिरोडीच्या मँगनीज खाणीत साहेबानं रिकामं पाकीट फेकलं आणि टिकाराम नावाच्या कारकुनानं मला उचललं. तो खाणीच्या संघाचा गोलकीपर होता. त्यानं मला खिशात जपलं आणि माझं नशीब उघडलं.

दसऱ्याला आपल्याकडे अवजारं पुजतात. टिकारामच्या घरी विळ्या-कुदळीच्या रांगेत त्याची हॉकी स्टिक असे आणि तिच्याशेजारी मी. सगळ्यांना लागे तसं हळदीचं बोट मलाही लागे, बरोबर कपाळावर. काय तो रुबाब! टिकाराम गेल्यावर त्याची सून कालिंदी ते बोट लावू लागली. बाकी वर्षभर मी बालाघाटच्या घरात कपाटात पडून असे.

दोन हजार तीन साली मात्र कपाटाचं दार सारखं वाजू लागलं. टिकारामची नात, कालिंदीची लेक श्रद्धा गोलकीपर झाली होती. बिचारी क्रिकेटचे जुने पॅड बांधून उभी राहायची. पायाची नखं काळीनिळी. जबलपूरला निवडचाचणी होती आणि हॉकीचे खरे पॅड न् हेल्मेट असल्याशिवाय उभं करणार नाही, असं सरांनी बजावलं होतं. तेव्हा तिच्या बाबांना, मुकुंदरावांना, मी आठवलो. मला विकायचं ठरलं.

गल्लीतल्या सायबर कॅफेच्या भोजराजनं नवाच किडा सोडला. "काका, असाच नोका विकू. अमेरिकेत कंपनी हाय. ते भिंगाखाली पाहतेत, दहापैकी आकडा देतेत अन् प्लास्टिकच्या डबीत बंद करून देतेत. आकडा चांगला आला त भाव चढते."

"अन् कमी आला त?" कालिंदीनं विचारलं.

"मंग तोच आकडा डबीवर. साऱ्याइले दिसन."

झालं! मुकुंदरावांची झोप उडाली. पाठवावं, तर परत यायला महिने लागणार आणि चाचणी तर दिवाळीनंतर लगेच. न पाठवावं, तर रविवारी येणारं, जुने पत्ते जमवणारं नागपूरचं गिऱ्हाईक भाव पाडून मागणार. ते मला काढत, उजेडात धरत, पुन्हा ठेवत. माझाही जीव टांगणीला लागला होता. डबीत गेलो, तर मला पुन्हा कुणाचं बोट लागणार नव्हतं!

शेवटी शनिवारी, पॅडसाठी तोवर उसने पैसे काढू, असं म्हणून त्यांनी पाठवायचंच ठरवलं. पण पिवळ्या कपाळानिशी आकडा कसा मिळेल? त्यांनी साबणाच्या पाण्यात कापूस बुडवला आणि माझं कपाळ पुसलं. मित्रांनो, हळदीला साबण लागला की काय होतं, ते कोणत्याही घरातल्या बाईला विचारा. पिवळा ठिपका लालभडक झाला आणि ओघळ थेट माझ्या छातीपर्यंत गेला.

"काहून पुसलं तुमी?" कालिंदी ओरडली. "मले विचारलं असतं त!"

"मी पोरीसाठीच करून राह्यलो होतो वं," मुकुंदराव म्हणाले आणि खाली बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांचा राग आला नाही.

श्रद्धानं मला पंख्याखाली वाळवलं. "बाबा, गोलकीपर हाय तो. मार लागनच," ती म्हणाली. आता अमेरिकेचा प्रश्नच मिटला होता.

रविवारी नागपूरचे अनयबाबू आले. त्यांनी डागाबद्दल विचारलं आणि कालिंदीनं काहीही न लपवता सगळं सांगितलं. ते बराच वेळ मला न्याहाळत राहिले. मग त्यांनी किंमत सांगितली. पॅड आणि हेल्मेट येईल, एवढी ती होती. वर काही नाही.

"हौ," मुकुंदराव म्हणाले.

अनयबाबू मला घेऊन निघताना कालिंदी आत गेली आणि हळदीची वाटी घेऊन आली. तिला अडवायला अनयबाबूंचा हात पुढे झाला, पण त्यांनी तो मागे घेतला. तिनं माझ्या लाल कपाळावर बोट टेकवलं. "सासरले चालला," ती म्हणाली. त्या क्षणी मला रडू आवरलं नाही. कागदाला रडता येत नाही, एवढंच.

आता मी नागपुरात आहे. शेजारी डबीबंद पत्ते आहेत, मोठमोठे आकडे मिरवणारे. त्यांचं सगळं छान आहे. मला मात्र चैन नाही. श्रद्धा जबलपूरला उभी राहिली का? चेंडू अडला का? इथे मला कोण सांगणार?

म्हणून विनवणी करतो, मित्रांनो. जुन्या वस्तूवरचा डाग पुसण्याआधी तो कुणी लावला, ते घरात विचारा. आणि कधी मैदानावर एखाद्या मुलीच्या हेल्मेटवर हळदीचं बोट दिसलं, तर तिला माझा निरोप द्या. म्हणावं, तुझा गोलकीपर अजून पिवळाच आहे.