पाचव्या खोबणीतला पाना

दिवाळी सरली की वसमतच्या जिनापुढे, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यापुढे, कापसाच्या गाड्यांची रांग लागे. त्रेचाळीस साली हंगामाच्या पंधरा दिवस आधी जिनातून संतराम सुताराला बोलावणं आलं. मॅनेजर किसनरावांना इंजिनघराच्या भिंतीवर हत्यारांसाठी लाकडी फळी हवी होती. तिच्यावर प्रत्येक हत्याराला स्वतःची जागा असेल आणि फळी भरल्याशिवाय इंजिन सुरू होणार नाही.

असं का, ते सगळ्यांना माहीत होतं. मागच्या हंगामात यंत्रावर विसरलेला एक पाना पट्ट्यानं भिरकावला आणि समोर बसून कापूस घालणाऱ्या मंजुळाबाईचं मनगट मोडलं. तिसऱ्या यंत्रावरची तिची जागा आता संतरामच्या बायकोला, शालूबाईला मिळाली होती.

"जिनाला फळी करून राहिले," शालूबाई म्हणाली, "अन् घरच्या फडताळाला चार महिने झाले, दार न्हाई. दुधाचं वतन मांजरीला दिलंय जणू."

"ते बी करतो."

"व्हय, पुढच्या दिवाळीला."

संतरामनं मोडीत काढलेल्या दाराची दोन बोटं जाड सागवानी फळी निवडली. साडेतीन हात लांब. तिच्यावर पाने, हातोडे, कानशी, पकडी आणि गिरमिट मांडून त्यानं कोळशानं त्यांच्या कडा आखल्या आणि पटाशीनं एकेक खोबण कोरायला घेतली. खाली लाकडाचा बारीक ओठ ठेवला, म्हणजे भिंतीवर चढवल्यावर हत्यार घसरायचं नाही.

मोहियोद्दीन मिस्त्री रोज त्याच्याजवळ येऊन बसत. साठीचा माणूस. बावीस वर्षं त्या इंजिनावर काढलेली.

"एक बोट खोल कोर," ते म्हणाले.

"काहून? दोन सूत, पाव इंच, बस्स झालं."

"बस्स न्हाई. अन् चौथ्या नंबरचा पाना पाचव्या खोबणीत बसला, तर तुझी सुतारकी फुकट गेली समज. ज्याची जागा त्यालाच आली पाहिजे."

चौथ्या दिवशी मिस्त्रींनी एका खोबणीवरून अंगठा फिरवला. तोंड दाराकडं होतं. "डावीकडं केसभर जास्त गेलंय." संतरामनं मोजून पाहिलं, तर खरंच गेलं होतं. त्याला कौतुक वाटलं. हसत त्यानं पाना पुढं केला. मिस्त्रींचा हात पान्याच्या वीतभर बाजूनं गेला आणि हवेत थांबला.

संतरामनं पाना त्या हातात ठेवला. पटाशी मात्र त्याच्यानं उचलवेना. छताखालच्या फिरत्या दांड्यावर यंत्रांचा पट्टा चढवायला वर जाणारा माणूस हाच होता. आणि त्या दांड्याखाली, तिसऱ्या यंत्रावर शालूबाई बसणार होती.

दोन दिवस त्यानं खोबण्या कोरल्या. मग विचारलं, "चाचा, किती दिसतं?"

मिस्त्री दचकले नाहीत. "उजेड दिसतो. माणूस उभा हाये इतकं दिसतं. तोंड न्हाई दिसत."

"मॅनेजरसाबाला सांगितलं?"

"सांगितलं की दुसऱ्या दिवशी घरी. घरात गौसिया हाये, माझी नवरा मेलेली लेक."

"तिसऱ्या यंत्रावर माझी बायको हाये."

"ठावं हाये मला. म्हणून तर खोल कोर म्हणलो." मिस्त्रींनी फळीवर हात ठेवला. "डोळ्यांची कसर ही भरून काढंल."

"फळी पट्टा चढवंल का, चाचा?"

मिस्त्रींनी फळीवरचा हात काढून घेतला.

"इंजिन चालू व्हायच्या आधी तुमी सांगा," संतराम म्हणाला. "न्हाई तर मी सांगन."

"बराबर," म्हणून मिस्त्री उठले आणि चौकट चाचपत बाहेर गेले.

फळी भिंतीवर चढली. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी किसनरावांनी काळा रंग पाठवला. खोबण्या आतून काळ्या केल्या की रिकामी जागा लांबूनही दिसेल, हा त्यांचा विचार. तेलकट लोखंडही काळंच असतं, हे संतरामच्या मनात येऊन गेलं. पण मिस्त्री अजून किसनरावांशी बोलले नव्हते आणि त्याचं सगळं लक्ष त्यातच होतं. त्यानं मुकाट्यानं रंग दिला.

मुहूर्ताला किसनरावांनी तिसऱ्या यंत्राची पूजा केली. यंत्राबरोबर हत्यारही पुजायचं, म्हणून कुणीतरी फळीवरचा एक पाना आणून यंत्रावर ठेवला, हळदकुंकू लावलं, वर झेंडूची फुलं वाहिली. मिस्त्री डोक्याला रुमाल बांधून मागं उभे होते. नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं आणि सगळे इंजिनघरात आले.

किसनरावांनी दारातूनच भिंतीकडं पाहिलं. "फळी भरलेली आहे. करा चालू."

संतरामनंही पाहिलं. भरलेलीच दिसत होती. मिस्त्रींनी अजून सांगितलं नव्हतं. आता आपणच बोललं पाहिजे, म्हणून त्यानं घसा खाकरला. तेवढ्यात मिस्त्री फळीजवळ गेले आणि एका टोकापासून तळवा फिरवत निघाले. पाचव्या खोबणीत हात आत गेला.

"पाच नंबर न्हाई."

"आहे की! मला इथून दिसतोय."

"दिसत असंल साहेब. हाताला लागत न्हाई."

किसनराव चिडून पुढं आले आणि खोबणीत बोट घातलं. बोट काळं होऊन बाहेर आलं.

यंत्रांकडं पळापळ झाली. पाना शालूबाईला सापडला. तिच्याच यंत्रावर, रोलरच्या वर, झेंडूखाली. कुंकू लागलेला तो पाना घेऊन ती इंजिनघरात आली.

"नारळासंगं माझं मनगट बी वाहून राहिले होते काय?" हे ती नवऱ्याकडं बघून म्हणाली, पण ऐकायचं त्यांनी ऐकलं.

किसनराव ओशाळले. "मिस्त्री, आम्हाला दिसलं नाही आणि तुम्हाला बरं दिसलं?"

संतरामनं मान खाली घातली. आता मिस्त्री नुसते हसले असते, तरी हंगाम निघाला असता. आपल्याला सांगायचं बळ राहिलं असतं का, हे त्याला स्वतःलाच कळेना.

"दिसलं न्हाई साहेब," मिस्त्री म्हणाले. "दीड वरीस झालं, मला बराबर दिसतच न्हाई. हातानं बघतो."

किसनरावांनी काळं बोट रुमालाला पुसलं. "पट्ट्यावर कोण चढतं?"

"मीच."

"आजपासून चढायचं नाही."

"अन् फळी?"

"फळी तुमच्याकडं. तुमचा हात फिरल्याशिवाय इंजिन चालू होणार नाही. जिनाच्या शेठजींशी बोलतो मी." त्यांनी रुमाल खिशात ठेवला. "हो म्हणतीलच, असं मात्र सांगत नाही."

मिस्त्रींनी मान हलवली. शालूबाईच्या हातातला पाना घेऊन त्यांनी रुमालानं त्याचं कुंकू पुसलं.

पट्टा चढवायला दुसरा माणूस येईपर्यंत दोन तास गेले. तेवढ्यात संतरामनं हत्यारं खाली काढली आणि खोबण्यांतला काळा रंग पटाशीनं खरवडला. आतलं पिवळसर सागवान पुन्हा उघडं पडलं. मिस्त्री मागं उभे राहून अंगठ्यानं एकेक खोबण तपासत होते. पाचवीवर अंगठा थांबला.

"इथं केसभर जास्त गेलंय."

"राहू द्या, चाचा," संतराम म्हणाला. "ती हाताला वळखू येऊ द्या."